पाच वर्षे लोटली

कादंबरीत 'पाच वर्षे लोटली' हे वाक्य आलं की आमचे विसूनाना बसल्या जागी पेटत. "कुठे लोटली? कोणी लोटली? ह्याला पाच वर्षं लिहायचा कंटाळा, म्हणून आपण गप्प बसायचं?"

नाना जव्हार संस्थानच्या लाकडाच्या वखारीत मापाचे कारकून. आम्ही पाचसहा जण रविवारी दुपारी कासमभाई कापडवाल्यांच्या ओटीवर कादंबरी वाचायला जमत असू. पुस्तक एकच, तेव्हा मोठ्याने वाचण्याचं काम शाळामास्तर म्हणून माझ्या गळ्यात. वाचणं कसलं, उलटतपासणीच ती! एखादा तापट माणूस पुढच्या प्रकरणात मवाळ झाला की नाना माझ्यावरच डोळे वटारत, जणू मीच त्याला फितवलं.

"मास्तर, साग आडवा कापला की वर्षावर्षाचं कडं मोजता येतं. दुष्काळाचं वर्षसुद्धा लाकूड लपवत नाही. ह्या माणसाची मधली कडी दाखवा!"

'कडी दाखवा' हे त्यांचं पालुपद. दारुड्याने दारू सोडली, कडी दाखवा. खाष्ट सासूने सुनेला पोटाशी धरलं, कडी दाखवा. एका कादंबरीला सबंध पावसाळा पुरला नाही आम्हाला.

त्या रविवारी तर कहर झाला. कादंबरीतल्या बापाने मुलाला घराबाहेर काढलं होतं. मग पाच वर्षे लोटली, आणि शेवटच्या प्रकरणात बाप मुलाच्या घरी पाटावर जेवायला बसलेला! दोघातिघांनी डोळे पुसले. नानांनी माझ्या हातातलं पुस्तक हिसकावून घेतलं.

"लबाडी आहे ही, शुद्ध लबाडी! हा गेला कसा? दार कोणी उघडलं? आला तो थेट पानावर!"

"अरे नाना, बापाचं दिल आहे, पिघळलं. बस्स!" कासमभाई म्हणाले.

"दिल म्हणजे काय मेण आहे?"

माझं डोकं फिरलं. इतके रविवार घसा कोरडा करून मी वाचत होतो, आणि ह्या गृहस्थाने एक शेवट सुखाने लागू दिला नव्हता. मी ताडकन बोलून गेलो, "माणूस कसा बदलतो ते पुस्तकात कशाला शोधता? मोखाड्याला जा, म्हणजे कळेल!"

 नानांची विधवा लेक गोदू पुनर्विवाह करून मोखाड्याला नांदत होती आणि नाना तिचं तोंड पाहणार नाही म्हणून बसले होते, हे सगळ्या जव्हारला ठाऊक होतं. त्यांच्यासमोर तो विषय कोणी काढत नसे. नानांनी पुस्तक खाली ठेवलं, टोपी घातली आणि ते निघून गेले. मला माझीच लाज वाटली, पण रागही गेला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळीच नाना माझ्या दारात.

"मास्तर, त्या बापाने मुलाच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय म्हटलं असेल?" आवाज तोच, भांडायला आल्यासारखा. "नेमकं तेच गाळलंय. चांदण्याची मात्र तीन पानं लिहिलीत मेल्याने!"

"एवढं काय त्यात, नाना?"

"दोनदा जाऊन आलो मी मोखाड्याला. तिच्या अंगणाच्या कुडापर्यंत. आत ती भांडी घासत होती. काय बोलायचं तेच सुचेना. परत आलो."

 मी अंगात सदरा चढवला. "चला," म्हटलं, "आज वाचन बंद. गाडी जुंपायला सांगू. वाटेत सुचेल काहीतरी."

नाना गाडीत बसले. बैलांनी चार पावलं टाकली नाहीत तोच ते गाडीवानावर खेकसले, "अरे, सावकाश हाक! मोखाडा फार लवकर येतो."