भालेराव आणि ठिपक्यांचं यंत्र

भालेराव दुकानात वस्तू घ्यायला जात नसत, तिचा स्वभाव बघायला जात. चप्पल पायात घालून अर्धा बाजार फिरून येत आणि दुकानदाराला सांगत, "चांगली आहे, पण हट्टी आहे." कुकरचं झाकण तर त्यांनी इतक्या वेळा उघडलं-लावलं, की दुकानदारच हात जोडून म्हणाला, "चाचा, ले जाओ. पैसा बाद में देना."

भालेराव जन्मापासून अंध. आमच्या ऑफिसात ते टेलिफोन ऑपरेटर होते आणि मी कारकून. भिवंडीत कामतघरच्या चाळीत शेजारीही आम्हीच. खाली यंत्रमाग, वर आम्ही. नोकरीच्या शेवटी ते साहेबांचा फोन भलत्याच गोदामात जोडून देत आणि दोष ऑफिसशेजारच्या मागांच्या खडखडाटाला देत.

निवृत्तीनंतर त्यांना वाचनाशिवाय दुसरा उद्योग उरला नाही. ब्रेल पुस्तकं टपालाने येत. एकेका कादंबरीचे चार-चार जाडजूड भाग, आणि तेही क्रमाने येतीलच असं नाही. "म्हात्रे, खुनी सापडला," एकदा त्यांनी मला सांगितलं. "आता खून कुणाचा झालाय, ते पुढच्या महिन्यात कळेल."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुतण्याने त्यांना जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि प्रश्न उभा राहिला. अंध माणसाने तो वाचायचे दोन मार्ग होते. एक, बोलणारा प्रोग्रॅम, हा स्वस्त. दुसरा, कॉम्प्युटरला जोडायची एक पट्टी. तिच्यावर बारीक टाचण्या वर येतात, ब्रेलच्या ठिपक्यांची एक ओळ तयार होते. वाचून बटण दाबलं की त्या खाली जातात आणि पुढची ओळ उठते. ही एवढी महाग, की भालेरावांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणाल्या, त्यापेक्षा अंजूरला जमीन घेऊ.

मी बोलणाऱ्याच्या बाजूने होतो. माझा स्वभावच अपराधी आहे. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तरी मलाच ओशाळल्यासारखं होतं. त्यांचा फंड त्या पट्टीत बुडाला असता, तर तो मीच बुडवला असं मला वाटलं असतं.

मुंबईहून विक्रेता दोन्ही घेऊन आला. पट्टीवर भालेरावांची बोटं फिरली आणि ते चक्क गप्प बसले. बोलणाऱ्यात मात्र त्यांना खोटच खोट दिसली. आवाज गेंगाणा आहे. तहसीलदारासारखा बोलतो, समोरच्याला कळलं की नाही याची त्याला फिकीर नाही. आणि शेवटी, "खाली माग, वर हा. दोघांची जुंपेल."

हे शेवटचं मला पटलं. म्हणून मी विक्रेत्याला पुन्हा शुक्रवारी बोलावलं. शुक्रवारी माग बंद असतात, आणि शेजारच्या घरात कपात फिरणारा चमचाही ऐकू येतो.

विक्रेत्याने मांडामांड केली. थोड्या वेळाने भालेरावांनी हात झटकला. "छे. पुन्हा तेच. नाकातून बोलतोय."

"अंकल," विक्रेता म्हणाला, "स्पीकर की वायर तो अभी लगायी ही नहीं."

मी खो खो हसलो. मग भालेरावांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. आपला विनोद आम्हाला आवडला म्हणून तेही हसत होते. विक्रेत्याचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मी विक्रेत्याला गॅलरीत पाठवलं. भालेरावांच्या अगदी जवळ बसून वायरचं सांगितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नोकरीत होतो तेव्हापासून. भिवंडीत सगळेच ओरडून बोलतात म्हणून निभावलं. तुम्हीसुद्धा ओरडताच."

"वहिनींना माहीत आहे?"

"नाही, आणि तुम्ही सांगायचं नाही. ती एकटीच माझ्याशी हळू बोलते, म्हात्रे. कळलं तर तीही ओरडायला लागेल."

मी विक्रेत्याला आत बोलावून ठिपक्यांचं यंत्र पाठवायला सांगितलं. चहा घेऊन येणाऱ्या वहिनी दारातच थबकल्या. "भावजी, तुम्हीच ना म्हणत होतात, बोलणारं घ्या?"

"त्याला काही अर्थ नाही, वहिनी," मी म्हणालो.

अंजूरच्या जमिनीसाठी त्यांनी एक सुस्कारा सोडला, कप भालेरावांच्या हातात दिला आणि त्यांच्याजवळ बसल्या. सकाळी नळावर झालेलं भांडण त्या हलक्या आवाजात, रंगवून सांगू लागल्या. भालेरावांनी तोंड त्यांच्याकडे वळवलं होतं. गोष्ट संपली की नवऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारायची वहिनींना सवय आहे. थाप पडली आणि भालेराव मनापासून हसले.