बावीस पाटांचा एकच धनी

शनिवारी सकाळी वेंडेल माकाईवी दात घासत दार उघडून बाहेर आले, तर पायरीवर उकडलेले अळूचे कंद कुटून पोई करायचा एक कोरा करकरीत पाट आणि त्यावर दगडी बत्ता. पाट उलटा करून त्यांनी खालची डागलेली खूण पाहिली. नोहेआची! सातवीतली नोहेआ, जिने वर्षभर लाकडापेक्षा स्वतःची नखंच जास्त तासली होती. काकांना इतकं भरून आलं की तोंडातला फेस गिळला गेला.

मोलोकाई बेटाच्या पूर्व टोकाला जी एवढीशी शाळा आहे, तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी वेंडेलकाका मुलांना पाट-बत्ता करायला शिकवत. लाकूड, तासण्या आणि डोळ्यांवर लावायचे चष्मे मुख्य भूमीवरच्या देणगीदारांनी दिलेले. दगड ओढ्याचे, म्हणजे देवाने दिलेले. आठवड्याला सात वार असतात हे काकांना ऐकून माहीत होतं. बायको एडिथ गेल्यापासून त्यांच्यापुरते दोनच उरले होते.

कालच शेवटचा तास झाला होता. काकांनी चष्मा पुसून, आवाज खाली आणून, खास ठेवणीतलं भाषण केलं होतं. "हाताने केलेली पहिली वस्तू आपल्याकडे ठेवायची नसते. देऊन टाकायची. आणि अशाला द्या, ज्याच्यासमोर बसून जेवायला घरात कुणी नाही. कुणाला दिलीत ते सांगत फिरू नका. आणि दिलेलं परत मागायचं नाही, कळलं?"

मुलांना कळलं होतं. नऊ वाजेपर्यंत पायरीवर आणखी तीन पाट आले. मुलं यायची, पाट ठेवायची आणि पळायची. पहिल्या तिघांच्या वेळी काका "पोरांचा जीव आहे हो आपल्यावर" असं कोंबड्यांना सांगत होते. चौथ्याला त्यांचं हसू ओसरलं. अकराव्याला त्यांना आपलं भाषण शब्दन् शब्द आठवलं आणि ते मटकन खुर्चीत बसले. आलेला पाट ते लगेच आत नेऊन खाटेखाली सारत होते, त्यामुळे पुढच्या मुलाला वाटे की ही कल्पना जगात आपल्यालाच सुचली. संध्याकाळपर्यंत खाटेखाली बावीस पाट झाले. वर्गात मुलं बावीसच होती.

म्हणजे गावातलं सगळ्यात एकटं माणूस शोधा म्हटल्यावर बावीस डोकी वेगवेगळी चालली आणि एकाच दारात येऊन थांबली. काकांना लाज वाटली, रागही आला. एकटेपणा लपवण्यासाठी काय कमी खटपट केली होती त्यांनी! दारात चार जोड चपला आणि एक रबरी बुटांचा जोड कायम मांडलेला असे, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, आत पाहुणे आहेत. लास व्हेगासहून मुलगी जोलीनचा फोन आला की ते टीव्हीचा आवाज वाढवत. "माणसं बसलीयत ग घरात, नंतर बोलू," म्हणत. जोलीन बिचारी निश्चिंत झाली आणि महिन्यातून एकदाच फोन करू लागली.

तेवढ्यात मुख्याध्यापिका व्हर्ना पालाकिको यांचा फोन आला.

"वेंडेलदादा, मंगळवारी देणगीदारांच्या बाई येतायत. पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच्यावरच आहे. पाट कुठेत?"

"दिले पोरांनी. रीत आहे."

"ते ठाऊक आहे मला. परत मागायचे नाहीत, हेही ठाऊक आहे. म्हणून मी काय ठरवलंय, ज्यांना ज्यांना पाट मिळालेत, त्यांनीच ते घेऊन शाळेत यायचं. बावीस मुलं, त्यांच्या शेजारी बावीस आजी-आजोबा. फोटो बघूनच रडतील हो बाई!"

काकांनी ते चित्र डोळ्यांपुढे आणलं. एका बाजूला रांगेत बावीस मुलं. दुसऱ्या बाजूला ते स्वतः.

"दादा? ऐकताय ना?"

"माणसं बसलीयत ग घरात," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रात्रभर कूस बदलून त्यांनी तोडगा काढला. पाट मिळालेले बावीस लोक हवेत ना? मग करू बावीस लोक. रविवारी नऊ ते अकरा सगळं गाव चर्चमध्ये असतं. त्या वेळात ट्रकमध्ये पाट घालून दारोदार ठेवून यायचे. कुणाला दिला ते पोरांनी सांगत फिरायचं नाही, असं आपणच सांगितलंय. दोन खेपांत काम फत्ते झालं. घरी येऊन त्यांनी पाय वर करून कॉफी घेतली, आणि आपण एवढे हुशार असून आयुष्यभर रस्ते खात्यात कसे कुजलो, याचं त्यांना नवल वाटलं.

इतक्या हुशार माणसाच्या दोन गोष्टी नजरेतून सुटल्या होत्या. एक म्हणजे, चर्चमध्ये तिसऱ्या बाकावरची त्यांची जागा चाळीस वर्षांत पहिल्यांदा रिकामी राहिली. पाद्रीबुवांनी लगेच त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली आणि बायका एकमेकींना विचारू लागल्या की सूप कोण नेणार. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रत्येक पाटाखाली ज्याची त्याची खूण होती. ती डागायला काकांनीच लावलं होतं. आणि त्या गावात असं एकही दार नाही, ज्याच्या आत वर्गातल्या कुणाची आजी, आत्या नाहीतर मामा राहत नाही.

बाराच्या सुमारास काकांच्या अंगणात सोळा-सतरा माणसं उभी होती. एका हातात भांडं, दुसऱ्या हातात पाट. सगळ्यांच्या पुढे नोहेआची आजी, ऐंशी वर्षांची मेबेल.

"बरा आहेस का रे?" तिने कोंबडी घातलेल्या शेवयांचं भांडं त्यांच्या हातात कोंबलं.

"बराय, मावशी."

"मग आता बोलते. हा पाट माझ्या नातीचा. तुला दिलेला. माझ्या दारात का आणून टाकलास? काय कमी होतं त्याच्यात?"

"मला दिलेला? कोण म्हणतं?"

"सांगितलं नाही कुणी. ओळखता येतं! शुक्रवारी रात्रभर पोर जागी. मी म्हटलं, एवढा विचार कसला, मला दे की. तर म्हणते, 'आजी, तुला आम्ही चौदाजण आहोत.' मग राहिलं कोण गावात?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या पोरानेही ह्यालाच दिलेला." "आमच्याही!" मग सगळ्यांनी एकमेकांच्या हातातले पाट पाहिले. ते पाहणं काकांना शिव्यांपेक्षा जड गेलं. लोकांनी पाट ओसरीवर रचले, भांडी स्वयंपाकघरात ठेवली आणि अगदी हळू, आजाऱ्याच्या घरातून निघावं तसे ते निघून गेले. उरलेले पाट संध्याकाळपर्यंत कुंपणावरून आले.

सोमवारी चारच्या सुमारास व्हर्नाबाईंची गाडी अंगणात करकचून थांबली. त्यांची चाल बघूनच काकांना अंदाज आला. त्यांनी घाईघाईने कपाटातला पोईचा वाडगा काढून टेबलावर ठेवला आणि वरचं झाकण काढलं. पोईचा वाडगा उघडा असताना त्या बेटांवर कुणी आवाज चढवत नाही. नवराबायकोसुद्धा नाही.

व्हर्नाबाई दारातच थबकल्या. "झाका ते."

"भूक लागलीय मला."

"वेंडेलदादा, झाकण ठेवा. मला तुमच्याशी भांडायचंय."

"जेवून घे आधी. शेवया आहेत. पाच घरच्या."

बाई दात-ओठ खात बसल्या. दोन बोटं पोईत बुडवून तोंडात घातली आणि प्रार्थना म्हणावी तशा गोड आवाजात बोलू लागल्या. "वर्गातली नऊ मुलं आज रडली. त्यांचा पहिला पाट तुम्ही लोकांच्या दारात फेकलात. उद्या फोटोला येणार नाही म्हणतायत. काइपो म्हणाला, मी बत्ता ओढ्यात टाकणार. मुलं आली नाहीत तर देणगीदारांच्या बाई कोरा फॉर्म घेऊन परत जातील. वर्ग गेला, दादा. हे सगळं मी हसतमुखाने सांगतेय, कारण वाडगा उघडा आहे."

काकांनी बोटं पुसली. मुलं रडतील हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्यांच्यासाठी मंगळवार आणि शुक्रवार उजाडत होते, त्यांनाच आपण दुखवलं.

"मला लाज वाटली ग, व्हर्ना," ते म्हणाले. "गावात पाट द्यायला बावीस लोक नाहीत का? सगळ्यांना मीच दिसलो. एडिथ होती तेव्हा या टेबलाला खुर्ची कमी पडायची. आता मी जेवताना उभाच असतो. बसलं की समोरची खुर्ची दिसते."

बाईंनी आणखी दोन बोटं पोई घेतली. मग उठून त्यांनी स्वतःच वाडग्यावर झाकण ठेवलं, आणि तरीही भांडल्या नाहीत.

"उद्या बाईंना इथेच आणते," त्या म्हणाल्या. "मुलांना मी सांगते. पण माफी तुमची तुम्ही मागायची."

मंगळवारी दहा वाजता बावीस मुलं अंगणात उभी होती, सगळी फुगलेली. काकांनी मोठं भाषण तयार केलं होतं, पण त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "पोरांनो, तुम्ही बरोबर माणसाला दिलेत. त्या माणसालाच ते पटायला वेळ लागला."

काइपोने नाक ओढलं. "म्हणजे सगळ्यांनी काकांनाच दिलाय? पहिला माझा होता!"

"हॅट! मी सकाळी सातला आले होते," नोहेआ ओरडली.

"पण तुम्हाला कळलं कसं रे?" काकांनी विचारलं. "दारात एवढ्या चपला असतात."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी नोहेआच म्हणाली, "काका, तुमच्या पाहुण्याच्या बुटात कोंबडीने अंडी घातली होती. पिल्लं निघेपर्यंत आम्ही रोज बघून जायचो."

एवढ्यात देणगीदारांच्या मिस प्रूइट आल्या. गळ्यात मुलांनी घातलेले सात हार, घामाघूम, हातात फॉर्म. त्यांनी पाट पाहिले, बत्ते उचलून पाहिले, उकडलेले अळूचे कंद स्वतः कुटून पाहिले आणि चष्म्याच्या काचेपर्यंत चिकट झाल्या. खूश दिसत होत्या. मग त्यांनी पेन उघडलं.

"एकच रकाना राहिलाय. विद्यार्थी सोडून, गावातल्या किती लोकांना या उपक्रमाचा लाभ झाला?"

व्हर्नाबाई काकांच्या कानाशी कुजबुजल्या, "दोनशे सांगा. सगळं गाव धरा."

काकांनी ओसरीवर रचलेल्या बावीस पाटांकडे पाहिलं. "एक," ते म्हणाले.

"एक... शे?"

"नाही बाई. एक. मी."

मिस प्रूइट यांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. वर्षाचा खर्च, बावीस तासण्या, बोटीने आलेलं लाकूड, आणि लाभार्थी एक. व्हर्नाबाईंनी डोळे मिटून घेतले. पण मिस प्रूइट प्रामाणिक बाई होत्या, त्यांनी मुकाट्याने 'एक' लिहिला आणि त्या विमान गाठायला निघून गेल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे काकांनी आपल्या जिभेला मनसोक्त शिव्या घातल्या. शाळेला सुट्टी लागली होती. मुलं अधूनमधून येत, पिल्लं मोजत, पोई कुटून खात आणि जात. पण पुढल्या वर्षीचा मंगळवार आपणच एका शब्दात घालवला, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

एके दिवशी संध्याकाळी साडेपाचला व्हर्नाबाईंचा फोन आला. "दादा, पत्र आलंय. बसा."

"बसलोय." ते उभे होते.

"मंजूर! वर्ग चालू राहणार. पण एक अट आहे." बाईंनी कागद वाचला, "'पुढील वर्षी लाभार्थ्यांची संख्या किमान दुप्पट असावी.'"

"दुप्पट?" काका घाबरले. "दुप्पट म्हणजे किती ग?"

"दोन, दादा."

दोघंही इतके हसले की काकांना फोन छातीशी धरून बसावं लागलं, ते खुर्चीतच. मग त्यांनी गंभीरपणे डोकं चालवायला घेतलं. "मेबेलमावशीला चौदा नातवंडं. पाद्रीबुवांकडे सदा कुणीतरी. पोस्टातल्या आल्विनला सहा कुत्री. या गावात दुसरं एकटं माणूस आणायचं कुठून, व्हर्ना?"

पलीकडून शाळेच्या जुन्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"माझं नाव लिहू का?" व्हर्नाबाई म्हणाल्या. "आई गेल्यापासून मला घरी जाऊन दिवा लावायचासुद्धा कंटाळा येतो."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शाळेला सुट्टी लागून तीन आठवडे होत आले होते, आणि बाई शाळेतून बोलत होत्या.

"लिही," ते म्हणाले, "आणि कुलूप लावून निघ. मी कंद उकडायला टाकतो."