बिनचाकाच्या घराचे टायर

घराला टायर नसतेत. हे तुमाला म्हाईत, मला म्हाईत, आमच्या आखाडा बाळापुरातल्या शेळ्यांनाबी म्हाईत. फक्त शेजारच्या मेहबूबचाचांना ते अजून कुणी सांगितलेलं न्हाई. रोज सकाळी ते लोखंडी टॉमी, म्हणजे टायर खोलायची पहार, घेऊन आपल्या कंटेनरच्या घराभोवती फेरी मारतेत आन प्रत्येक कोपऱ्याला एक ठोका देतेत. ठण्ण. कान लावून ऐकतेत, मान हालवतेत, "बराबर हाय" म्हणतेत आन पुढच्या कोपऱ्याला जातेत. ट्रकवाले टायरमधली हवा बघतेत ना, तसं.

आता आतमधी पुण्याचा पाहुणा झोपलेला असतो. पहिल्या ठोक्याला तो उठून बसतो, दुसऱ्याला चष्मा हुडकतो, तिसऱ्याला बायकोला हुडकतो. शेवटी दार उघडतो, तर समोर मेंदी लावलेली लाल दाढी आन हातात टॉमी. चाचा लई अदबीनं म्हणतेत, "समदे टायर ठीक हायेत साहेब. झोपा निवांत."

चाचांनी जिंदगीभर ट्रेलर चालवला. मुंबईच्या बंदरावरून कंटेनर उचलायचा आन नागपूर न्हाईतर हैदराबादला नेऊन टाकायचा. डोळे अधू झाले तवा घरी आले. पण एकटे न्हाई आले. मागून क्रेनला लटकत एक जुना कंटेनर आला आन गावाबाहेर, त्यांच्या शेताच्या वरच्या कडेला, दगडांच्या ठोकळ्यांवर टेकला. तिथून इसापूर धरणाचं पाणी दिसतं. समदं गाव बघायला गेलं. कुणी म्हणलं पोल्ट्री काढून राहिले, कुणी म्हणलं गोडाऊन. चाचा म्हणले, "टुरिस्ट राहतील हितं." लोक इतके हासले की क्रेनवाल्यालाबी आमच्या गावाचा राग आला.

पण टुरिस्ट आले. थंडीत पाण्यावर लांबलांबचे पक्षी उतरतेत, आन पक्ष्यांच्या मागं कॅमेरेवाले. बुकिंग मी बघतो. माझं मोबाईलचं दुकान हाय आन लग्नसराईत मी आवाज काढतो, म्हणजे मिमिक्री. फोन आला की आधी बाईच्या आवाजात "कृपया प्रतीक्षा करा" म्हणतो, मग आवाज जाड करून मॅनेजर होतो. पुण्याच्या लोकांना वाटतं लई मोठा स्टाफ हाय.

घर दाखवताना चाचांचं भाषण ठरलेलं. ते मी समद्या तालुक्यात करून दाखवलेलं हाय, तुमीबी ऐका. एक हात कमरेवर, दुसरा पत्र्यावर. "बघा साहेब. पाया न्हाई, शिमेट न्हाई. एक झाड तोडलं न्हाई. वर तुराट्या अंथरल्यात, पत्रा तापत न्हाई. दिवा सूर्यावर चालतो. तुमच्या आंघोळीचं पाणी त्या केळीला जातं, म्हणून साबण बेतानं लावा. आन उद्या मन झालं तर क्रेन लावायची, घर चाललं. खाली जमीन जशीच्या तशी. पेरा सोयाबीन." साबणाच्या वाक्याला पाहुण्यांच्या बायका हासतेत. चाचा हासत न्हाईत. केळीचा प्रश्न हाय.

पाहुणा निघाला की त्याच्या गाडीवर दोन थापा मारतेत. ट्रकचा कायदाच हाय तो. क्लिनरनं एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. कुणी गिझर मागितला, एसी मागितला, इंटरनेट मागितलं, तर चाचांचं उत्तर एकच, "पुढच्या खेपेला." न्हाई हा शब्द त्यांच्याकडं न्हाईच.

घरात दोन गोष्टी मात्र पार येड्यासारख्या. दिव्याचं बटन गुडघ्याच्या जरासं वर. पाहुणे अंधारात आख्खी भिंत चाचपतेत, जसं काही भिंतीला ताप आलाय. आन दुसरी खिडकी. एवढं पाणी बघायला घर बांधलं, आन खिडकी कापली पार खाली. उभ्या माणसाला खिडकीतून फक्त स्वतःची चप्पल दिसती. मी विचारलं, चाचा, माप चुकलं का? म्हणले, "बराबर हाय."

आता चाची. हलीमाचाची म्हणजे एवढीशी, पण आवाज ट्रेलरच्या हॉर्नचा. पाहुण्यांचा सैपाक तीच करती, पण ताट घेऊन बांधापर्यंतच येती. बांधाच्या पलीकडं पाय टाकत न्हाई. कंटेनर आला त्या दिवसापास्नं आत गेली न्हाई. चाचा रोज दुपारी म्हणतेत, "येकदा बघून तरी जा," आन ती ताट त्यांच्या हातात देऊन माघारी वळती. मग चाचा ते ताट धरून उभेच राहतेत, भाकरी वाळेस्तोवर.

मी एकदा चाचीला विचारलं, काहून जात न्हाई?

"सवतीच्या घरी जाऊ का रे मी?" चाची म्हणली. "जिंदगी समदी तिच्यासंगं काढली ह्या मानसानं. आन म्हातारपनी तिलाच घरी आनली." मग भाकरी थापता थापता बोलली, "लगीन नवं होतं तवा म्हनला, तुला केबिनमंदी बसवून समुंदर दाखवतो. मी म्हनलं, कदी? म्हनला, पुढच्या खेपेला. लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली. मी इचारायचं सोडून दिलं."

ते "पुढच्या खेपेला" तिनं हुबेहूब चाचांच्या आवाजात काढलं. माझ्यापेक्षा भारी.

ह्या हिवाळ्यात पुण्याचा एक मोठा पाहुणा आला, पक्षीवाल्यांचा म्होरक्या. त्याला समदं आवडलं. म्हणला, दरवर्षी ग्रुप आणतो, शेजारी अजून एक कंटेनर टाका, दोन्ही जोडून घ्या. फक्त ही खिडकी वर घ्या, उभं राहून कॅमेरा लागला पाहिजे. मी लगेच मॅनेजरच्या आवाजात हो म्हणलो आन दुसऱ्या दिवशी, पाहुणा पक्षी टिपायला पाण्यावर गेला तवा, बाजारातून वेल्डरला मशिनीसकट घेऊन आलो.

चाचा खिडकीपुढं टॉमी घेऊन उभे.

"न्हाई कापायची."

"काहून चाचा?"

"बराबर हाय ती."

मी लई समजावलं. ग्रुप दुसरीकडं जाईल, दुसरा कंटेनर येणार न्हाई, तुमचं टुरिझम हितंच पंक्चर होईल. चाचा म्हणले, होऊ दे. मला तवा जरा चमकल्यासारखं झालं. ज्या माणसानं एसीलाबी न्हाई म्हणलं न्हाई, तो आज पुढच्या खेपेला सुदिक म्हणंना.

तेवढ्यात जेवणाचं ताट घेऊन चाची बांधावर आली. वेल्डर बघून म्हणली, कशाचा कालवा चाललाय? आता मला कुणी विचारलं की माझ्यानं साधं सांगवत न्हाई. मी तिथंच पाहुणा करून दाखवला. आधी उभा राहिलो, गळ्यात कॅमेरा, खाली बघून आपलीच चप्पल हुडकली. मग कंबरेत वाकलो, कंबर धरली, वेल्डर हासला. मग खाली बसलो. एक पाय मुडपून, दुसरा गुडघा वर, गुडघ्यावर कोपर, तळहातावर हनुवटी. म्हणलं, चाची, असं बसलं तरच पाणी दिसतं बघ. असं कोण बसतं का?

वेल्डर हासत होता. चाची हासली न्हाई.

"असं तर मी बसते," ती म्हणली.

आन खरंच. रोज संध्याकाळी उंबऱ्यापाशी ती अशीच बसलेली मी ल्हानपनापास्नं बघतो. एक पाय मुडपून, रस्त्याकडं तोंड करून. खुर्ची दिली तर तिचे पाय तरंगतेत. मी आख्ख्या गावाची नक्कल करतो, आन ही बैठक कुणाची ते मलाच कळलं नव्हतं.

चाचीनं चाचांकडं बघितलं. चाचा टॉमीच्या टोकावरचा गंज बघत होते, जसं काही तो आजच लागला.

तिनं ताट बांधावरच ठेवलं. बांध ओलांडला. कंटेनरच्या पायऱ्या बुटक्या बुटक्या हायेत, पाहुणे त्यांच्यावर ठेचकाळतेत. चाची सरळ चढून गेली. भर दुपारी आतला दिवा लागला. मग खिडकीत तिचं तोंड दिसलं. ना वर, ना खाली. बराबर मधोमध.

लई येळ ती पाण्याकडं बघत राहिली.

"हा समुंदर न्हाई," ती म्हणली.

"न्हाई," चाचा म्हणले. "धरन हाय."

"म्हाईत हाय मला."

मग आतून पत्र्यावर थापा पडल्या. दोन.

चाचांनी टॉमी खाली ठेवली. जिथं केबिन असती त्या बाजूला एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसले, आन तोंडानं इंजन चालू केलं. इतकं बेकार इंजन मी आजवर ऐकलं न्हाई. दुसऱ्या गिअरलाच खोकला आला. मी ट्रेलरचे समदे गिअर काढतो, रिव्हर्ससकट, लोक शिट्ट्या मारतेत. पण मी तोंड मिटून घेतलं. वेल्डरनं गुपचूप वायर गुंडाळली.

"बंदर किती लांब हाय?" चाचीनं खिडकीतून विचारलं.

चाचांनी गिअर बदलला.

"हे काय," ते म्हणले, "आलंच."