वॉरंटी शाबूत आहे

आमच्या घरात कंपनीने लावलेलं प्लास्टिक काढत नाहीत. हा नियम मी घातलेला असून त्याची अंमलबजावणीही माझ्याचकडे आहे. सोफ्यावर कव्हर आहे आणि ते कव्हर मळू नये म्हणून वर चादर आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो. आवाज वाढवायला अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं, पण बटणं अजून कोरी करकरीत आहेत.

मध्यंतरी बायकोचा उजवा खांदा आखडला. कपडे पिळायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून आम्ही वॉशिंग मशीन घेतलं. सदर यंत्राचं आगमन होताच मी जाहीर केलं, "कंपनीकडून जे जसं आलंय, ते तसंच राहील." यंत्राच्या पाठीला चार जाडजूड बोल्ट होते आणि शेजारी एक लाल चिठ्ठी. चिठ्ठीवरही प्लास्टिक होतं. मी ते कौतुकाने पुसलं.

पहिल्याच धुण्याला यंत्र थरथरलं, धडधडलं आणि चालत चालत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं. आतले कपडे निथळतच होते. बायकोने ते नळाला अडकवून डाव्या हाताने पिळायला घेतले.

"अहो, हे मशीन माझ्या मदतीला आणलंय की माझ्या पाळतीवर?"

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, हे कळलं आणि ती धावत आली. घड्याळापासून इस्त्रीपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू तिने लहानपणीच उघडून पाहिलेली आहे. तिने चालू यंत्रावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी थेट माझ्या शर्टावर आलं.

"अरे बाळ्या, आतला ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळायला हवा. तुझा तर बांधून ठेवलाय. वाटेत हलू नये म्हणून लावलेत रे हे बोल्ट. काढ आधी!"

"ताई, खबरदार! वॉरंटी जाईल."

मी कंपनीचा मेकॅनिक बोलावला. तो यंत्राच्या मागे डोकावला आणि प्रसन्न हसला.

"बोल्ट न काढता चालवलंत? चुकीचा वापर. वॉरंटी गेली."

"मग आता काढा."

"मला अधिकार नाही साहेब. ते मशीन बसवणारा काढतो."

"त्याला पाठवा."

"तो फक्त न वापरलेल्या मशीनला येतो."

"आणि आम्हीच काढले तर?"

"छेडछाड. वॉरंटी जाईल."

"अहो, पण ती आत्ताच गेली म्हणालात ना?" ताईने विचारलं.

"आत्ता तोंडी गेलीय बाई. तेव्हा लेखी जाईल."

माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. कंपनीची वॉरंटी संरक्षण योजना आहे, तिचे पैसे भरले की गेलेली वॉरंटी परत येते, असं त्याने सांगितलं. अट एकच, यंत्र वापरायचं नाही. मी जागच्या जागी पैसे भरले आणि यंत्राला झालरीचं कव्हर शिवून आणलं. त्यावर धूळ बसू नये म्हणून एक प्लास्टिकही घातलं.

यथावकाश बायकोचा डावा खांदाही आखडला. आता तिला वेणीसुद्धा घालता येईना. मला खरंच वाईट वाटलं. खांदे वॉरंटीत येत नाहीत, ही व्यवस्थेतली मोठीच त्रुटी आहे.

"ताई, पाना आणा," बायको एका सकाळी म्हणाली.

"अगं, वॉरंटी शाबूत आहे!" मी यंत्राला पाठ लावून उभा राहिलो.

"तिलाच सांगा मग कपडे पिळायला. व्हा बाजूला!"

ताईने झालर उपटली आणि चारही बोल्ट काढून माझ्या हातात ठेवले. यंत्र सुरू झालं. वर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी जेमतेम शहारलं. दोघी त्या पेल्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि मग पोट धरधरून हसल्या. कपडे जवळजवळ वाळूनच बाहेर आले. मी वॉरंटीसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो. बोल्ट मात्र पिशवीत घालून, पिशवी चिकटवून जपून ठेवले आहेत.

तुम्हीही हसताय, दिसतंय मला. खुशाल हसा. फक्त त्याआधी बैठकीच्या खोलीत जा, आपल्या टीव्हीचा रिमोट उचला आणि बटणाला थेट बोट लागतंय का, ते बघून या.

मी थांबतो.