मामा सापडले, सुतळी सापडेना

जहाज धक्क्यावरून सुटायच्या आदल्या संध्याकाळी सुतळीने ताईला फोन लावून सांगून टाकलं, "सही झाल्यातच जमा आहे. सहा महिने चाललोय समुद्रात. काही आणायचं असेल तर आत्ताच सांग."

ताई म्हणाली, "तुला घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत. तू समुद्रात माणसं शोधणार?"

"नौदलात मोजे शोधायला ठेवत नाहीत, ताई."

आता हा सुतळी म्हणजे जहाजावरचा सगळ्यात नवा खलाशी. उंचीला दार पुरायचं नाही, आणि रुंदीला दाराची फटही जास्त व्हायची. खिशात कायम एक निळं पुस्तक. शिकाऊ खलाशाला त्यात बावीस सह्या लागतात. याच्या एकवीस झालेल्या, राहिली होती फक्त टेहळणीची. ती झाली की लांबच्या मोहिमेवर रवानगी. नाही झाली तर धक्क्यावर उतरायचं आणि सहा महिने भांडारात ब्लँकेटांच्या घड्या घालत बसायचं.

आणि सही होती खलाशांच्या मुकादमाच्या, म्हणजे चीफच्या हातात. चीफनी दोनदा नकार दिलेला. पहिल्यांदा सुतळीने पक्ष्याला हेलिकॉप्टर म्हटलं होतं. दुसऱ्यांदा हेलिकॉप्टरला पक्षी.

"पाण्यात माणूस पडलेला दिसला तर काय करायचं?" चीफनी त्याला शंभरदा घोकवून घेतलेलं.

"ओरडायचं. तरंगणारं कडं फेकायचं. मग त्याच्याकडे हात करून उभं राहायचं. नजर हलवायची नाही, हात खाली घ्यायचा नाही."

"कधीपर्यंत?"

"कोणी 'पुरे' म्हणेपर्यंत, चीफ."

यात गंमत नाही बरं का. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. पापणी लवली की गेला. तो एक हात हीच त्या माणसाची जगाशी उरलेली दोरी.

मोहिमेआधी आठवडाभर समुद्रातच जहाजाची परीक्षा होती. चार परीक्षक पाट्या घेऊन सगळीकडे फिरत होते, आणि कुणालाही काहीही जाहीर करत होते. सोमवारी आगीच्या सरावात त्यांनी मुख्य स्वयंपाक्यालाच सांगितलं, तुम्ही मेलात. बिचारा अर्धा तास बोळात डोळे मिटून पडला आणि तिथूनच सांगत होता, "मी मेलोय, पण दूध उतू जातंय, कोणीतरी बघा."

बुधवारी सुतळी एकटाच अगदी मागच्या डेकवर कठड्याला रंग मारत होता. ही जागा अशी, की वर हेलिकॉप्टरच्या डेकचं छप्पर, त्यामुळे जिथून जहाज चालवतात त्या ब्रिजवरून तिथलं काही म्हणजे काही दिसत नाही. तेवढ्यात वरून काहीतरी केशरी धप्पकन पाण्यात पडलं.

ते होते मामा. मामा म्हणजे जुने दोरखंड ठासून भरलेला, केशरी कपडे घातलेला बाहुला. सरावासाठी बुडणं हीच त्याची नोकरी. पण सुतळीच्या आयुष्यातला तो क्षण होता. तो ओरडला, "माणूस पाण्यात!"

आणि त्याच क्षणी जहाजाचा भोंगा वाजला, स्पीकर गरजला, "माणूस पाण्यात, डावी बाजू!" सराव ठरलेलाच होता, ब्रिजवर सगळ्यांना ठाऊक होतं. सुतळीला मात्र वाटलं, काय आवाज आहे आपला! त्याने कडं भिरकावलं. इतक्या जोरात, की डोक्यावरची टोपीही मागोमाग गेली. मग हात सरळ केला, मामांवर नजर लावली आणि खांबासारखा उभा राहिला.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. एवढं अवाढव्य जहाज, पण सायकल वळावी तसं वळलं. एकशे साठ जणांचं जहाज; माणसं धावत आपापल्या जागी गेली आणि कोणाला धक्कासुद्धा लागला नाही. छोटी बोट पाण्यात उतरली. चार मिनिटांत मोजणी पूर्ण.

एकशे एकोणसाठ.

परत मोजले. एकशे एकोणसाठच.

स्पीकरवर सुतळीचं पूर्ण नाव आलं, नंबरसकट. असशील तिथून ताबडतोब ब्रिजवर ये. सुतळी मनात हसला. मोहात पाडतायत! हात खाली घेतला की गेली सही. तो हलला नाही.

पुन्हा स्पीकर. "हा सराव नाही. खलाशी बेपत्ता आहे." आणि परत त्याचंच नाव.

आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सोमवारी स्वयंपाक्याला मारलं, आज आपल्याला बुडवलंय! मामा माझ्या जागी बुडतायत! एवढ्या जणांतून परीक्षकांनी आपल्याला निवडावं? छाती फुगली. तो दुप्पट जोराने पाण्यातल्या स्वतःकडे हात दाखवू लागला.

सातव्या मिनिटाला बोटीने मामांना उचललं. सुतळीला वाटलं, वाचलो. पण बोट परत फिरेना. कारण मामांच्या बाजूला कडं तरंगत होतं आणि कड्याशेजारी टोपी. टोपीच्या आत सुतळीचा नंबर.

बोटीत होता बेडूक. जहाजाचा पट्टीचा पोहणारा, सुतळीच्या खालच्या बंकवर झोपणारा. रोज रात्री त्याचे लोंबते पाय ढकलून शिव्या देणारा. त्याने टोपी छातीशी धरली आणि पाण्यात उडी मारली.

हेलिकॉप्टर उडालं. शेजारचं जहाज आपला सराव टाकून आलं. इंजिनवाले, ज्यांना सूर्य आठवड्यातून एकदा दिसतो, तेही वर येऊन कठड्याला लागले. जास्तीचं ताट घेतलं म्हणून कालच सुतळीला हाकलणारा स्वयंपाकी हातात डाव तसाच धरून लाटांकडे बघत होता. सगळ्यांची नजर पाण्यावर. शिकवलंयच तसं. जहाजाकडे एकजणही बघेना.

वीस मिनिटं झाली, तरी कोणी 'पुरे' म्हणेना. सुतळीचा हात भरून आला आणि जरा उजवीकडे झुकला.

बोट चालवणारा ओरडला, "मागच्या डेकवरून कोणीतरी दिशा दाखवतंय, उजवीकडे घ्या!" बोट उजवीकडे. काही नाही. सुतळीने हात बदलला. बोट डावीकडे. सुतळीला शिंक आली, हात गरगरला, आणि बोटीने बिचारीने पूर्ण गोल चक्कर मारली.

काय शिस्त आहे, सुतळीला भरून आलं.

रेडिओवर कॅप्टन म्हणाले, "कोणाच्या सांगण्यावरून फिरताय तुम्ही?"

"मागच्या डेकवर एकजण आहे सर. पंचवीस मिनिटं हात खाली घेतलेला नाही. काय पोरगा आहे!"

"नाव विचारा त्याचं. मला हवंय ते नाव."

बोट जहाजाच्या मागे आली. बेडूक नखशिखांत भिजलेला, डोळे लाल. नजर पाण्यावरून न काढता, पाठमोराच तो ओरडला, "ए, कॅप्टन नाव विचारतायत!"

सुतळीने नाव सांगितलं.

"त्याचं नाही रे," बेडकाचा आवाज फुटला. "तुझं."

"माझंच सांगतोय."

बेडूक सावकाश वळला. त्याने टोपीकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग परत टोपीकडे.

"हात खाली घे," तो म्हणाला.

"आधी 'पुरे' म्हण."

बेडूक पुढे जे म्हणाला त्यात 'पुरे' शेवटी होतं. त्याआधीचं मी सांगत नाही.

कॅप्टनच्या केबिनमध्ये सुतळी गेला तो उजवा हात ताठ पुढे धरून, कारण तो वाकेचना. बोट नेमकं कॅप्टनच्या नाकावर. मागे चीफ उभे.

"एका माणसासाठी आज किती लोक धावले, बघितलंस?" कॅप्टन म्हणाले.

"बघितलं सर. एक क्षण नजर हलवली नाही."

कॅप्टन खिडकीकडे वळले. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते. शोधकार्यात जहाजाला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. इतकं मनापासून कोणी सरावात शोधत नाही, असं परीक्षकांनी लिहिलं होतं.

बाहेर आल्यावर चीफनी निळं पुस्तक मागून घेतलं. त्यांचेही डोळे लाल होते. "बुडला असतास ना, तर मी तुला सोडलं नसतं," ते म्हणाले आणि बाविसावी सही केली. पुढचा महिनाभर कठडे एकट्याने रंगवायचे, हे तोंडी सांगितलं. जेवताना स्वयंपाक्याने न मागता दुसरं ताट पुढे सरकवलं आणि पाठ फिरवली.

शुक्रवारी परीक्षकांना उतरवायला जहाज धक्क्याला लागलं. सुतळीने डाव्या हाताने फोन लावला.

"झाली सही?" ताईने विचारलं.

"झाली."

"म्हणजे खरंच सापडला कोणी समुद्रात?"

"सापडला की. अर्ध्या तासात."

"अगं बाई! कोण होता रे?"

सुतळीने फोन कानापासून जरा लांब धरला.

"ताई," तो म्हणाला, "रेंज जातेय."