शेषरावकाका आणि डोंगरातल्या सायकली

आमच्या शेजारचे शेषरावकाका पायी चालताना घंटी वाजवतात. देवळातली नव्हे, सायकलची. हातातल्या काठीला त्यांनी ती स्क्रूने पक्की बसवून घेतली आहे. बुलढाण्याच्या बाजारात भाजी निवडणाऱ्या बायकांच्या मागून 'ट्रिंग' असा आवाज येतो, बायका दचकून बाजूला होतात, सायकल कुठेच दिसत नाही, आणि पांढरा सदरा घातलेला, सत्तरीला टेकलेला एक माणूस मान लववून "थँक्यू हं" म्हणत पुढे निघून जातो. गावात नवीन आलेला माणूस त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहतो. जुन्यांना आता सवय झाली आहे.

मी एकदा विचारलं, "काका, हे काय हो?"

"जर्मनीत डोंगरातल्या पायवाटेनं सायकलवाले बी जातात आन् चालणारे बी," ते म्हणाले. "सायकलवाला लांबूनच घंटी वाजवते. चालणारा बाजूले होते. मंग सायकलवाला थँक्यू म्हणते. कोणी कोणाच्या मायबापाचं नाव काढत नाई."

"पण तुम्ही तर चालणारे आहात ना?"

"मंग? घंटी काय फक्त सायकलवाल्याच्या नावानं खरेदी झाली हाये काय, मॅडम?"

मी शाळेत शिकवते, म्हणून मी मॅडम. आमचे हे सरकारी दवाखान्यात नोकरीला आहेत, पण त्यांना काका नुसतं 'काऊन बे' म्हणतात.

शेषरावकाका मोजणी खात्यातून निवृत्त झाले. जिल्ह्यातला असा धुरा नसेल जो त्यांनी मोजला नाही. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडे निम्मी भांडणं त्याच्यावरच होतात. उन्हातान्हात साखळी ओढत हिंडून काकांचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी सायकल बंद केली. आणि सायकल बंद झाल्यावर काकांना सायकलचं वेड लागलं. तेही साध्या सायकलचं नाही. डोंगरातून, दगडधोंड्यांतून, चिखलातून उड्या मारत जाणाऱ्या सायकलींचं.

ही सगळी माहिती येते त्यांच्या माधुरीकडून. माधुरी त्यांची एकुलती एक. पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनी तिला जिथे वारा असेल तिथे पाठवते. आधी जर्मनी, मग स्कॉटलंड, आता न्यूझीलंड. जाईल तिथे ती डोंगरात सायकल चालवते. आणि ती ज्या देशात असते, त्या देशाचे काका इथे बुलढाण्यात राजदूत असतात.

ती जर्मनीत होती तेव्हा काकांना कळलं की तिकडे एका भागात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल न्यायला बंदी आहे. मोजणी खात्यातल्या माणसाला याहून मोठा आनंद कोणता? आठवडाभर ते टेप घेऊन देऊळघाटच्या बाजूच्या साऱ्या पायवाटा मोजत हिंडले. आठव्या दिवशी आमच्या दारात येऊन त्यांनी निकाल सांगितला. "एकही दोन मीटर भरत नाई. आपल्या गल्लीतून बी सायकल नेता येत नाई. जोश्यायच्या ओट्यापाशी एक मीटर ऐंशी हाये." पुढे दोन दिवस जोशी आपला ओटा तोडायची नोटीस येणार म्हणून काळजीत होते.

मग माधुरी स्कॉटलंडला गेली आणि काकांची झोप उडाली. तिकडे म्हणे माळरान कोणाचंही असो, नीट वागलं तर कोणीही त्यातून चालत किंवा सायकलवर जाऊ शकतो. फाटक उघडलं तर मागे लावून घ्यायचं, एवढंच.

"मॅडम, म्हंजे धुराच नाई?" काका ओट्यावर बसून म्हणाले. "मी जिंदगीभर काय केलं मंग?"

ते इतके खचले होते की मी चहाबरोबर शेवही दिली.

न्यूझीलंडने मात्र त्यांना उभारी दिली. तिकडे डोंगरातल्या सायकलवाटा गावातले लोकच सुटीच्या दिवशी कुदळ-फावडी घेऊन तयार करतात आणि काम झालं की तिथेच काहीतरी भाजून खातात. काकांनी जाहीर केलं, "आपण बी करू. वाट करू, आन् शर्यत बी घेऊ."

पहिल्या रविवारी कुदळ घेऊन चौघं आले. काका, मी, आमचे हे आणि जोशी. जोशी ओट्याच्या भीतीने आले होते. पण भाजलेल्या कणसांचा वास लांबवर जातो. तिसऱ्या रविवारपर्यंत वीसेक माणसं झाली, आणि देऊळघाटच्या पलीकडे टेकडीला वळसा घालणारी एक छान, नागमोडी वाट तयार होत आली.

अडलं ते शेवटच्या टप्प्यात. तिथे पुंडलिकभाऊंचं शेत होतं. वाट त्यांच्या धुऱ्यावरून नेण्याशिवाय इलाज नव्हता. पुंडलिकभाऊ पन्नाशी ओलांडलेले, रोज पहाटे सायकलला दुधाचे कॅन लावून बुलढाण्याला रतीब घालणारे. काकांनी त्यांना स्कॉटलंड समजावून सांगितलं. अर्धा तास. पुंडलिकभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लय चांगला देश हाये," ते म्हणाले. "मंग शर्यत तथीच लावा ना बाप्पा. मायी तूर उभी हाये अथी."

"तुरीले कोणी हात लावणार नाई, भाऊ. धुऱ्याधुऱ्यानं जातीन पोरं."

"धुरा कोणाचा पण? तुमीच मोजून देल्ला होता मले. ध्यानात हाये ना?"

 स्वतःच घातलेली हद्द काकांना आडवी आली होती. मग पुंडलिकभाऊंनीच मान खाजवत, दुसरीकडे बघत विचारलं, "या शर्यतीत वयाची काई अट गिट हाये काय?"

"नाई."

"मंग मायं नाव लिहा. मायी सायकल मायाच शेतातून गेली तं कोण आडवते मले? मंग बाकीचेबी येतीन मायाच मागून."

असा तो प्रश्न सुटला.

शर्यत डिसेंबरातल्या एका रविवारी ठरली. सकाळी सात. काकांनी प्रत्येक देशाचं एकेक उचललं होतं. वेळेचा काटेकोरपणा जर्मनीचा. कणसं न्यूझीलंडची, म्हणजे निदान कल्पना तरी. आल्प्सच्या डोंगरात शर्यत बघायला आलेले लोक गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात म्हणून काकांनी मोताळ्याच्या आठवडी बाजारातून बैलांच्या घुंगरमाळा आणि घंटा पोतंभर आणल्या होत्या. आणि स्कॉटलंडहून त्यांनी एक नियम आणला होता, जो त्यांना सगळ्यात प्रिय होता. तिकडे माधुरी एका शर्यतीत पार शेवटून पहिली आली होती. तरी सगळे लोक पावसात थांबून राहिले होते, आणि पहिल्यापेक्षा जास्त आरडाओरडा तिच्यासाठी झाला होता.

"शेवटचा येईस्तोवर कोणी घरी जायचं नाई," काकांनी सगळ्यांना बजावलं. "पहिल्याले काय, तो येतेच."

आपल्या देशाचं काय घेतलं, तर प्रमुख पाहुणे. ते जोश्यांनी ठरवले. पाहुण्याशिवाय मंडपवाला मंडप घालायला तयार होईना. एक मोठे पुढारी यायला कबूल झाले. शाल, श्रीफळ, हार, माईक, खुर्च्या, सगळं आलं.

त्या सकाळी छान गारठा होता. बेचाळीस सायकली उभ्या होत्या. गिअरच्या सायकलींवर कॉलेजची मुलं, बसच्या टपावर सायकली टाकून मेहकरहून आलेले दोन शिंपी, माझ्या शाळेच्या आठ मुली शाळेतून मिळालेल्या सायकली घेऊन, आणि कॅनचे हूक तसेच ठेवून पुंडलिकभाऊ. सात वाजायला दोन मिनिटं होती आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता.

"काका, थोडं थांबू," जोशी कुजबुजले. "पाहुणे निघाले आहेत म्हणे."

"पाहुणे सायकल चालवणार हायेत काय?"

"तसं नाही, पण उद्घाटन..."

"जोशीबुवा, तिकडं असं नसते." सात वाजले. काकांनी शिट्टी फुंकली. बेचाळीस सायकली धूळ उडवत गेल्या आणि जोशी डोकं धरून एका खुर्चीवर बसले.

शर्यत झकास झाली. पहिला मेहकरचा शिंपी आला, ही गोष्ट कॉलेजच्या मुलांना अजून पटलेली नाही. माझ्या मुलींपैकी दोघी पडल्या, उठल्या आणि हसतच आल्या. नऊ वाजेपर्यंत एकेचाळीस जण पोहोचले. पुंडलिकभाऊ आले नाहीत.

सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. मंडपवाल्याला दुपारच्या लग्नाला खुर्च्या न्यायच्या होत्या, त्याने एकेक उचलायला सुरुवात केली. ऊन चढलं. कणसं संपली. लोकांनी काकांकडे बघितलं. काका गुडघा चोळत वाटेच्या तोंडाशी उभे होते, हातात घुंगरमाळ.

"कोणी हलायचं नाई," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण कोणी हललं नाही. मंडपवाल्याने उचललेली खुर्ची खाली ठेवली.

तेवढ्यात टेकडीच्या कडेला दूधवाल्याची सायकल दिसली. आणि नेमकी त्याच वेळी सडकेवरून पांढरी गाडी मंडपाकडे वळली. बैलांच्या घंटा एकदम खणखणल्या. शंभरेक माणसं ओरडायला लागली, मुली नाचायला लागल्या. गाडीचं दार उघडलं, पाहुणे उतरले, हे स्वागत बघून भारावले आणि दोन्ही हात जोडून चारी दिशांना वळू लागले. ते नेमके वाटेच्या मधोमध उभे होते.

काका लंगडत पुढे गेले. "नमस्कार साहेब. जरा बाजूले होता काय? सायकल येऊन राह्यली."

पाहुणे बाजूला झाले. त्यांच्या जोडलेल्या हातांसमोरून पुंडलिकभाऊ घामाघूम होऊन निघून गेले आणि चुन्याच्या रेघेपलीकडे जाऊन थांबले.

"कुठी होते भाऊ?" काकांनी विचारलं.

"अहो, मायाच शेतातून जाऊन राह्यलो होतो, तं पाह्यतो काय, कोणाच्या तरी बकऱ्या तुरीत! त्यायले हाकललं, पार वढ्यापलीकडे नेऊन सोडलं. शर्यत काय, फिरून होईन."

पाहुणे मुरलेले गृहस्थ होते. दोन मिनिटांत त्यांना सगळं उमगलं. त्यांनी आपल्यासाठी आणलेली शाल उचलून पुंडलिकभाऊंच्या खांद्यावर घातली, माईक घेतला आणि सांगितलं की अशा कष्टकरी सायकलपटूच्या सन्मानासाठी आपण मुद्दामच या वेळेला आलो. टाळ्या पडल्या. जोशी पुन्हा माणसांत आले.

सगळं आवरायला अकरा वाजले. घंटांचं पोतं घेऊन मी काकांबरोबर त्यांच्या घरी आले. ते सारखे घड्याळ बघत होते. "बारा वाजता पोरीचा फोन येते. तिकडं संध्याकाळ असते." त्यांनी मला बसायला सांगितलं आणि ते हातपाय धुवायला आत गेले.

सुमनकाकू, म्हणजे माधुरीची आई, गेल्यापासून या घरात मी फारशी आले नव्हते. आमच्या गप्पा व्हायच्या त्या ओट्यावर. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. चौकोनांत काहीतरी बारीक लिहिलेलं दिसलं, म्हणून मी सहज जवळ गेले. फक्त रविवारच्या चौकोनांत लिहिलेलं होतं. 'चिखलातून चाक घसरते तेव्हा काय करते?' 'शर्यतीत खायला काय देतात?' 'हेल्मेट किती वर्षं चालते?' मागची पानं उलटली. प्रत्येक महिन्यात, प्रत्येक रविवारी एकेक प्रश्न. एका ठिकाणी 'घरी कधी येशीन' असं लिहून त्यावर काट मारली होती.

काका टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. माझा हात अजून कॅलेंडरवर होता. ते रागावले नाहीत.

"फोनवर पोरीची आई बोले," ते म्हणाले. "मी आपला शेवटी घेओ. तब्येत बरी हाये काय, हाव, ठेव मंग. हिची आई गेली आन् फोन आला तं आमी दोघं बी गप. जेवला काय बाबा, जेवलो. पाऊस हाये काय, हाये. झालं. दोन मिनिटात खलास. एका रविवारी तिच्या मागं चिखलानं भरलेली सायकल दिसली. मी म्हतलं, हे काय व? तं पोरगी पाऊण तास बोलली, मॅडम. मले सायकलीतलं काय समजते? पण तिले बोलतं ठेवाले काईतरी लागते ना."

मी आजचा चौकोन बघितला. तो कोरा होता. शर्यतीच्या गडबडीत प्रश्न लिहायचा राहून गेला होता.

फोन वाजला. पडद्यावर माधुरी आली, केस विस्कटलेले. "बाबा, कशी झाली? पहिल्यापासून सांगा!" काकांना काही विचारायची वेळच आली नाही. वाट किती रुंद ठेवली, उतारावर दगड निघत होते का, मुली कुठे पडल्या, शेवटचं कोण आलं, बकऱ्या किती होत्या, ती विचारत राहिली आणि काका हातवारे करत सांगत राहिले. पाहुण्यांचा प्रसंग त्यांनी दोनदा सांगितला. दोन्ही वेळा ती तितकंच हसली.

मी निघायला उठले तेव्हा ती म्हणत होती, "बाबा, पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच सांगून ठेवा. मले सुटी आधी टाका लागते."

काकांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मग म्हणाले, "थांब, कॅलेंडर पाह्यतो."

फोन टेबलावर ठेवून ते भिंतीकडे गेले. डिसेंबरचं पान उलटलं. त्याच्यामागे पान नव्हतं, नुसती भिंत होती. तरी ते तिथेच उभे राहिले, बराच वेळ, पाठ आमच्याकडे करून, हातातला टॉवेल डोळ्यांना लावून.

"बाबा?" फोनमधून आवाज आला. "दिसली काय तारीख?"

"हाव," ते म्हणाले. "पाहून राह्यलो."

मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.