मंगळवारी पाण्याला इसावा

आमच्या आबांची आणि तुमची पहिली गाठ पडली, तर ते तुम्हाला नाव विचारणार नाहीत, गाव विचारणार नाहीत. "वाका जरा," म्हणतील, आणि तुम्ही वाकलात की तुमचं डोकं हुंगतील. मग तुम्ही सरपंच असा नाहीतर पुण्याहून आलेले साहेब. निकाल तिथल्या तिथं. "खोबरेल हाय. शिकेकाई लावून या, मग पाण्यात उतरा."

हे अपमान करायला नव्हे. आबा आमच्या पोहायच्या तलावाचे राखणदार आहेत, आणि तेल हा त्यांचा जन्माचा वैरी.

कडेगावच्या अलीकडं आमची शेती. ऊस चांगला चालला होता, तेवढ्यात आमच्या ह्यांच्या डोक्यात कृषी पर्यटन शिरलं. हुरडा, बैलगाडी, चुलीवरचं मटण सगळेच देतात, आपण तलाव द्यायचा. मग शेततळ्यासाठी काढलेल्या खड्ड्यालाच आकार दिला, पायऱ्या केल्या आणि आत निळा कागद अंथरला. कागद म्हणजे खरा कागद नव्हे, जाड प्लॅस्टिकचं अस्तर, पण शेततळेवाले त्याला कागदच म्हणतात. फोटो सुरेख आले. पुढच्याच आठवड्यात पाणी हिरवंगार, आणि तळाला बोटभर शेवाळ. म्हशी सोडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तेव्हा ह्यांना आबा आठवले. आबा माझे चुलत सासरे. फौजेत होते, पण नोकरी बहुतेक पाण्याच्या टाक्या सांभाळण्यात गेली. आले, तलावाला एक फेरी मारली, ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरलं आणि म्हणाले, "पाण्याला खोड नसती सूनबाई, उतरणाऱ्याला असती. कोण कोण उतरलं हुतं?"

मी म्हटलं, भाचा आणि त्याचे मित्र.

"आंघूळ करून उतरली हुती का?"

आता चार बाप्ये आंघोळ करून आले की नाही, हे मी कुठं हुंगत बसू? पण आबा बसले. त्या दिवसापासून तलावाच्या दारात खुर्ची टाकून बसले ते बसलेच. दारावर पाटी लागली: तेल नाही, साडी नाही, चपला नाहीत. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे आणि रंग बघून ठरवायचं, आज सोडा की अ‍ॅसिड. दिस बुडाला की क्लोरीन, त्याला आबा औषध म्हणतात. "उन्हात दिलं तर सूर्यच पिऊन टाकतोय," असं त्यांचं म्हणणं. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, हट्टी. पण आबाही काही कमी हट्टी नाहीत. महिन्याभरात तळाला पडलेलं नाणं दिसायला लागलं.

मग कागद फाटायला लागला. बारीक बारीक चिरा. आबा काठावर पालथे पडायचे आणि नळीनं पाण्यात दुधाचा थेंब सोडायचे. भोक असलं की दूध तिकडं ओढलं जातं. माझं सकाळचं दूध कमी का पडतं, याचा उलगडा मला तिथं झाला. ठिगळ लावून झालं की आबा कोड्यात पडायचे. खडा नाही, खिळा नाही, मग फाडतंय कोण? शेवटी एक दिवस त्यांनी दारातूनच चोर पकडला. जोडवी. बायका पायऱ्यांवरून घसरत उतरायच्या आणि जोडव्याची कड कागदाला लागायची.

"बायांस्नी सांग, जोडवी काढून उतरा," आबा मला म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. नवरा जिवंत असताना कुठली बाई जोडवी काढेल? आबांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी कापडी चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडं उतरायचं तर बायकांनी जोडव्याला पट्टी गुंडाळायची. आबा भेंडोळं हातात देतात आणि स्वतः तोंड फिरवून उसाकडं बघत उभे राहतात.

पण आबांचंही चुकतं बरं. एकदा सांगलीकडचं वऱ्हाड उतरलं होतं, हळदीचा कार्यक्रम होता. आदल्या दिवशी पाणी आंबट झालं म्हणून आबांनी सोडा टाकलेला, आणि हात जरा सैल सुटलेला. आबा जेवायला गेले, तेवढ्यात नवरदेवाच्या दोस्तांनी उसातल्या वाटेनं मागून येऊन अंगावरच्या हळदीसकट त्याला पाण्यात ढकललं आणि स्वतःही उड्या टाकल्या. नवरदेव पिवळा उतरला आणि लाल होऊन वर आला. पांढरा सदरा तर लालभडक. त्याच्या आईनं रक्त समजून काठावरच बसकण मारली. एक म्हातारी मात्र शांतपणे म्हणाली, "गप गं. हळदीत चुना पडला की कुंकू हुतंया, म्हाईत न्हाई व्हय? पाण्यात कुंकू झालं. शकुन हाय."

आबा हात धुवून धावत आले. ते माझ्या कानाशी म्हणाले, "शकुन न्हाई सूनबाई, सोडा हाय. हात जड पडला माझा." पण वऱ्हाडासमोर त्यांनी शकुनालाच मान डोलावली. पाणी ताळ्यावर आणायला नंतर त्यांचा घाम निघाला. नवरदेवाचे कान लग्नाच्या फोटोतही लालच आहेत.

पाण्याबद्दल इतकं बोलणारा हा माणूस घरचं मात्र चकार शब्द बोलत नाही. काकींना, म्हणजे आबांच्या बायकोला, मागल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय लुळा पडला. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाण्यात चालायचा व्यायाम करा, पाय सुधारेल. काकी कॉटवरून म्हणाल्या, "आता म्हातारपणी तळ्यात डुंबू व्हय? लोक तिकीट काढून बघाय येतील." आम्ही हसलो आणि विषय तिथंच राहिला. काकी पहिल्यापासून मानी. लंगडताना कुणी बघू नये म्हणून लग्नकार्य सोडलं, हळदीकुंकू सोडलं, अंगणातसुद्धा यायच्या बंद झाल्या. "काकी कशा आहेत?" विचारलं की आबा म्हणायचे, "हाय बरी," आणि उठून पंपाकडं जायचे.

आता मंगळवारचं सांगते. मंगळवारी तलाव बंद. का, तर "पाण्याला इसावा." त्या दिवशी गावचा बाजार, घरचे आणि कामाच्या बायका सगळ्या बाजारात, म्हणून मीही कधी हरकत घेतली नाही. आबा आतून कडी लावून बसायचे. बुधवारी सकाळी मात्र काठाला, कागदावर, तेलाची बारीक रेघ दिसायची आणि आबा ती ब्रशनं घासत असायचे.

"आबा, हे तेल कुठलं?"

"पाणी निवांत बसलं की तेल वर येतंय."

फौजेतलं शास्त्र असेल, म्हणून मी गप्प बसायची.

यंदा उन्हाळ्यात विट्याचे एक मास्तर आले. पोहण्याचा वर्ग घ्यायचा, सुट्टीभर, दर मंगळवारी. बाकीचे वार त्यांचे दुसरीकडं लागलेले. मी हो म्हणून बसले. आबांना सांगितलं तर त्यांनी ठिगळावरची नजरसुद्धा काढली नाही.

"मंगळवार सोडून कुठला बी वार दे."

"त्यांना मंगळवारच पाहिजे, आबा."

"मग दुसरा माणूस बघ."

मला रागच आला. तलाव आमचा, बोअर आमची, आणि सुट्टी पाण्याला? बैलांना पोळ्याची असते तेवढी पुरे. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आबांना दुखवू नको, पाणी हिरवं होईल." म्हणजे ह्यांना शेवाळाचीच काळजी. मी मास्तरांना म्हटलं, तुम्ही मंगळवारी दुपारी या, तलाव बघा, मग मी बघते.

त्या मंगळवारी बाजार अर्धा टाकून मी परत आले. दाराला आतून कडी. हाक मारणार होते, पण म्हटलं, आपणच जावं आत. नवरदेवाची मंडळी आली होती त्याच उसातल्या वाटेनं मागं गेले.

पायरीवर काकी बसल्या होत्या. नऊवारी लुगडं नेसून. डोकं तेलानं चपचपीत, वेणी घट्ट, भांग सरळ. डाव्या हातानं त्यांना साधा चमचा उचलवत नाही, तेव्हा ती वेणी कुणी घातली हे कळायला मला वेळ लागला नाही. आबा बनियन आणि अर्ध्या चड्डीत खाली पाण्यात उभे. काकींचं पाऊल त्यांनी छातीशी धरलं होतं आणि जोडव्याला पट्टी गुंडाळत होते. पाटीवरचा तेलाचा नियम मोडला, साडीचा मोडला, पण कागदाची काळजी सुटत नव्हती.

"काढून ठिवते म्हणलं तर ऐकत न्हाईसा," काकी म्हणाल्या.

"मी हाय न्हवं अजून," आबा म्हणाले. "मग कशाला काढायची?"

त्यांनी काकींना हाताला धरून उतरवलं. लुगडं पाण्यावर फुगलं, ते एका हातानं दाबत काकी म्हणाल्या, "आवं, कुणी बघंल."

"आज मंगळवार हाय. कोण बघतंय?" मग फौजेतल्या आवाजात, पण हळू, "बायाँ... दायाँ... बायाँ." काकी हसल्या. त्या झटक्यानंतर काकींचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडूच आलं. पाचोळा वाजणार नाही असं पाऊल टाकत मी उसातून मागं फिरले.

बांधावर येऊन मास्तरांना फोन केला. म्हटलं, निघाला असाल तर माघारी फिरा, मंगळवारचं जमत नाही.

"का हो?"

"मंगळवारी पाण्याला इसावा असतो."

"पाण्याला कसला विसावा?" मास्तर हसायला लागले.

"फौजेतलं शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं," म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी आबा काठाला बसून रेघ घासत होते. मीही दुसरा ब्रश घेतला आणि पलीकडच्या टोकाला बसले. रेघ दोन्हीकडून कमी होत गेली.

"त्या मास्तराचं काय ठरलं?" आबा म्हणाले.

"नाही येणार. मंगळवार बंद असतो म्हणून सांगितलं."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग उसातल्या वाटेकडं बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून घासायला लागले. मी नेहमीसारखंच विचारलं, "काकी कशा आहेत?"

आबा पंपाकडं गेले नाहीत. ब्रश पाण्यात बुडवून त्यांनी तसाच धरून ठेवला.

"काल हात सोडला हुता मी," ते म्हणाले. "चालली."